म्हाताऱ्या माणसाचं डिप्रेशन: समजावण्याआधी काय करायचं, कोणत्या क्रमाने

"मामा, तुम्हाला काय कमी आहे? दोन वेळचं गरम जेवण मिळतंय, टीव्ही आहे, नातवंडं आहेत. उगाच कशाला विचार करत बसता?"

हे वाक्य जुळे सोलापूरच्या बंगल्यातही ऐकू येतं आणि विडी घरकुलच्या दोन खोल्यांतही. म्हणणाऱ्या सुनेचा जीव खरंच तुटत असतो. मामा मात्र त्यातून एवढंच उचलतात की सगळं असूनही मी असा बसलोय, म्हणजे खोट माझ्यातच आहे.

चूक क्रमाची आहे. विचारांबद्दल बोलणं ही खाली दिलेली सहावी पायरी. बहुतेक घरं तिथूनच सुरुवात करतात आणि महिन्याभरात 'यांना सांगून उपयोग नाही' म्हणून सोडून देतात. मीही वडिलांच्या बाबतीत तेच केलं. सहा महिने त्यांना समजावत होतो. पुढे कळलं की त्यांना माझं निम्मं बोलणं ऐकूच येत नव्हतं, आणि ते मान हलवत होते ती मी गप्प बसावं म्हणून.

## आधी तयारी

एक वही. शंभर पानी चालेल. मोबाईलमध्ये लिहू नका. ही वही डॉक्टरांपुढे उघडायची आहे आणि पुढे आजी-आजोबांनीही त्यात लिहायचं आहे. पेन काळं, अक्षर मोठं.

एक माणूस. घरातला कोणीतरी एकच जण हे काम अंगावर घेईल. पाच जण मिळून करायला गेले की पाच सल्ले होतात. सर्वांत लाडकं माणूस हवं असं नाही, ज्याच्यापुढे आजोबांना लाज वाटत नाही असं हवं. बऱ्याचदा तो जावई निघतो, नाहीतर कॉलेजात जाणारी नात.

वेळ. डिप्रेशनमध्ये पुष्कळांची सकाळ सगळ्यांत वाईट जाते. दिवस कलताना जरा मोकळं वाटतं. बोलायचं ते तेव्हा. एप्रिल-मेमध्ये तर ऊन उतरल्याशिवाय विषयच काढू नका. टीव्ही बंद. समोर बसा, तोंडावर उजेड हवा. कमी ऐकू येणारी माणसं ओठ बघून समजून घेतात.

भाषा. सोलापुरात हा मुद्दा वरवरचा नाही. पूर्व भागातल्या पद्मशाली घरात आजी बाजारात मराठी बोलते, पण दुखलं की तेलुगूत बोलते. अक्कलकोटकडच्या घरात तेच कन्नडचं. माणूस ज्या भाषेत लहानपणी रडला त्या भाषेत विचारा. तुम्हाला येत नसेल तर ज्याला येते त्याला जवळ बसवा.

## पायरी १: दोन आठवडे फक्त टिपून ठेवा

काही सुधारायला जाऊ नका. रोज रात्री पाच ओळी लिहा:

- झोप किती, आणि जाग कधी आली. पहाटे तीन-साडेतीनला जाग येऊन पुन्हा डोळा न लागणं ही महत्त्वाची खूण आहे.
- जेवण. किती भाकरी खाल्ल्या ते लिहा. 'कमी जेवले' एवढं पुरत नाही. महिन्यापूर्वीचे कपडे आता सैल होतात का?
- काय बंद झालं. सिद्धेश्वराला जाणं, कट्ट्यावर बसणं, पेपर, दाढी, पोथी, फोन उचलणं.
- कोणती दुखणी पुन्हा पुन्हा सांगतात.
- त्यांच्या तोंडचं एक वाक्य, जसंच्या तसं.

शेवटची ओळ सर्वांत मोलाची. सहाव्या पायरीला ती लागणार आहे.

'मी उदास आहे' असं ते म्हणतील याची वाट पाहू नका. सत्तरीच्या माणसाचं डिप्रेशन बहुधा शरीराच्या तक्रारींतून बोलतं: तोंडाला चव नाही, अंगात त्राण नाही, पोटात गोळा येतो, डोकं जड झालंय, जीव घाबरा होतो, मन लागत नाही. काहींची चिडचिड वाढते. आयुष्यभर शांत असलेला माणूस चहा निवला म्हणून कप आपटतो. काहींना ना दुःख असतं ना राग, सगळंच सपाट होऊन जातं.

तपासा: ही लक्षणं दिवसाचा बराच वेळ, जवळपास रोज, दोन आठवडे टिकली आहेत का? टिकली असतील तर 'वयानं होतं असं' हे उत्तर चालणार नाही. वयानं चाल मंदावते, झोप हलकी होते. वयानं जगण्यातली गोडी जात नाही.

इथे तीन गोष्टींची गल्लत होते, ती आत्ताच सोडवून घ्या.

*शोक.* जोडीदार गेल्यावरचं दुःख लाटांसारखं येतं. मधे एखादी आठवण निघाली तर माणूस हसतोही, आणि स्वतःला नालायक समजत नाही. डिप्रेशनमध्ये लाट ओसरतच नाही आणि रोख स्वतःवर असतो. शोकातून पुढे डिप्रेशन होऊ शकतं, म्हणून 'बायको गेली, मग असं होणारच' म्हणून वही बंद करू नका.

*विसरभोळेपणा.* डिप्रेशनमध्येही विसरायला होतं, पण ते काही आठवड्यांत दिसू लागतं आणि माणूस स्वतःच तक्रार करतो: "माझं डोकं चालेना." प्रश्न विचारला तर प्रयत्नही न करता "माहीत नाही" म्हणतो. डिमेन्शिया महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं सरकत येतो; तिथे माणूस विसरणं लपवतो, चुकीचं उत्तर ठामपणे देतो, आणि तक्रार घरचे करतात. दोन्ही एकत्रही असू शकतात. निवाडा तुम्ही करायचा नाही, टिपून न्यायचं.

*अचानक भ्रम.* काल बरे होते आणि आज दिवस-रात्र कळत नाही, असंबद्ध बोलतात, मधेच झोपेत जातात, मधेच ठीक वाटतात. हे डिप्रेशन समजू नका. लघवीतला किंवा छातीतला जंतुसंसर्ग, सोडियम घसरणं, नवीन औषध, काहीही असू शकतं. वही बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

## पायरी २: तो एक प्रश्न, पहिल्याच आठवड्यात

क्रमाने ही दुसरी पायरी, पण तिच्यासाठी दोन आठवडे संपायची वाट पाहायची नाही. "आता उचल रे देवा" हे वाक्य आपल्याकडे इतकं रुळलंय की त्याकडे कोणी लक्ष देत नाही. लक्ष द्यायचं. एकांतात, शांतपणे, सरळ शब्दांत विचारायचं:

"आप्पा, परवा तुम्ही म्हणालात मेलेलं बरं. नुसतं तसं वाटतं, की स्वतःच्या जिवाचं काही करून घ्यावं असंही मनात येतं?"

विचारल्यानं हा विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. उलट बहुतेकांना कोणीतरी विचारलं म्हणून सुटल्यासारखं होतं. "असलं अभद्र बोलू नका" म्हणालात तर पुढच्या वेळी ते बोलणार नाहीत. विचार मात्र तिथेच राहील.

उत्तर 'हो' आलं किंवा टाळाटाळ झाली तर कसं, कधी, काही जमवून ठेवलंय का, हेही विचारा. त्या दिवसापासून माणसाला एकटं ठेवू नका. शेतातली कीटकनाशकं, गोळ्यांचा साठा, दोर घरातून हलवा. दक्षिण सोलापूर, मोहोळ, बार्शीकडे फवारणीचं औषध माळ्यावर नाहीतर गोठ्यात सहज पडलेलं असतं; ते शेजाऱ्याकडे कुलपात जाऊ द्या. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. प्रसंग हातघाईवर आला तर १०८.

सावध: म्हातारी माणसं दुसऱ्या वाटेनंही हे करतात, गाजावाजा न करता. इन्सुलिन टोचून घेत नाहीत, बीपीची गोळी गादीखाली ठेवतात, पाणी पिणं कमी करतात. गोळ्यांची पट्टी अधूनमधून मोजा. आणि कोणी प्रयत्न केलाच असेल तर पोलीस केस होईल म्हणून लपवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं असा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरलं जातं. त्याला शिक्षा करायची नसते, उपचार द्यायचे असतात.

## पायरी ३: शरीर आधी

काही 'डिप्रेशनं' रक्ताच्या तपासणीत सापडतात, आणि ही पायरी सर्वांत जास्त गाळली जाते.

आधी नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांकडे. त्यांना वही दाखवा आणि पुढच्या तपासण्या करायच्या का ते विचारा: हिमोग्लोबिन, थायरॉइडची टीएसएच, जीवनसत्त्व बी-१२, साखर, क्रिएटिनिन आणि सोडियम. थायरॉइड मंदावला की माणूस सुस्त, थंड, उदास होतो. बी-१२ कमी पडलं की थकवा, विसर, पायाला मुंग्या. शाकाहारी घरांत आणि वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्या मधुमेहींत ते कमी पडण्याची शक्यता जास्त.

सोडियमबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण तो आपल्या हवेचा प्रश्न आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा बेचाळिशीच्या पुढे जातो. आजींना बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू, डॉक्टरांनी कधीकाळी 'मीठ कमी' सांगितलेलं, घाम धारांनी, जेवण निम्मं. सोडियम घसरतं आणि आजी मलूल, गप्प, गोंधळलेल्या दिसतात. घरचे म्हणतात, "मनानं खचल्या." गोळी स्वतः बंद करू नका आणि मीठही मनानं वाढवू नका. तपासून घ्या.

मग पिशवी. घरातली सगळी औषधं एका पिशवीत भरून डॉक्टरांच्या टेबलावर ओता: तीन वेगवेगळ्या डॉक्टरांच्या गोळ्या, मेडिकलवाल्यानं दिलेली झोपेची गोळी, गुडघ्यासाठीचं पुडीतलं औषध. असल्या पुड्यांत कधी कधी स्टेरॉइड असतं, आणि ते मनावर परिणाम करतं. संध्याकाळची 'थोडीशी' घेण्याची सवयही सांगा, लपवू नका.

शेवटी कान आणि डोळे. ऐकू येत नाही म्हणून माणूस कट्टा सोडतो, दिसत नाही म्हणून पोथी सोडतो, आणि मग आपण म्हणतो यांना कशात रसच राहिला नाही. मोतीबिंदू आणि कानातला मळ काढून झाल्याशिवाय विचारांना हात घालू नका.

तपासा: रिपोर्ट आले, पिशवी पाहून झाली, कान-डोळे तपासले. काही सापडून उपचार सुरू झाले तरी वही चालू ठेवा. थायरॉइड आणि डिप्रेशन एकाच घरात राहू शकतात.

## पायरी ४: मनाच्या डॉक्टरांकडे

"वेड्याच्या डॉक्टरकडे मी येणार नाही," हे येणारच. फसवून नेऊ नका. गुडघा दाखवायला म्हणून नेलं आणि पाटी वाचली, की तुमच्यावरचा विश्वास गेला. खरं तेच सांगा, पण त्यांच्या तक्रारीच्या शब्दांत: "अण्णा, तीन महिने पहाटे तीनला जाग येतेय, भाकरी अर्ध्यावर आली. रक्ताचे रिपोर्ट बरे आहेत. झोप आणि भूक बघणारे डॉक्टर आहेत, त्यांना एकदा दाखवू." यात खोटं काही नाही.

खासगीत जाणं परवडत नसेल तर सिव्हिलच्या मानसोपचार विभागात केस पेपर काढा. गर्दी असते, सकाळी लवकर पोहोचा, पाण्याची बाटली आणि काहीतरी खायला जवळ ठेवा. आत मिळणाऱ्या पाच-सात मिनिटांत काय बोलायचं ते वहीच्या एका पानावर आधीच लिहून न्या: कधीपासून, काय बंद झालं, झोप, वजन, मरणाचे विचार, चालू औषधं, आधीचे आजार, घराण्यात कोणाला असं झालं होतं का. डॉक्टर पंधरा साध्या हो-नाही प्रश्नांची चाचणी घेतील कदाचित. पाचाच्या वर गुण आले तर नीट तपासणी लागते. ती चाचणी नेटवरून उतरवून घरी निकाल लावत बसू नका.

गोळी सुरू झाली तर या गोष्टी ध्यानात ठेवा.

वय झालेल्यांना डोस थोडा देऊन हळूहळू वाढवतात. पहिल्या आठवड्यात मळमळ, अस्वस्थता वाटू शकते. गुण दिसायला दोन ते चार आठवडे, पुरता यायला सहा ते आठ, म्हातारपणी कधी बारासुद्धा लागतात. दहाव्या दिवशी 'फरक नाही' म्हणून गोळी बंद करणं ही या पायरीवरची सगळ्यात मोठी चूक. दुसरी चूक बरं वाटल्यावर बंद करण्याची. बरं वाटू लागल्यानंतरही साधारण सहा महिने ते वर्ष औषध चालतं, आणि थांबवताना डॉक्टरच ते टप्प्याटप्प्यानं उतरवतात.

सावध: डिप्रेशनवरच्या काही गोळ्यांनी पहिल्या महिन्यात सोडियम उतरू शकतं, उन्हाळ्यात सुरू केली तर पुन्हा तपासणी कधी करायची ते विचारून घ्या. रक्त पातळ करणारी गोळी किंवा रोज ॲस्पिरिन चालू असेल तर ते आवर्जून सांगा, रक्तस्रावाचा धोका वाढतो. आणि नुसती झोपेची गोळी म्हणजे डिप्रेशनचा उपचार नव्हे. तिनं रात्री बाथरूमला उठताना तोल जातो, खुबा मोडतो, सवय लागते ती वेगळीच.

## पायरी ५: दिवसाला पुन्हा भोंगा द्या

सोलापूरच्या गिरणीत काम केलेल्या माणसाला वेळ घड्याळ सांगत नव्हतं, भोंगा सांगत होता. पाळीप्रमाणे उठणं, डबा, साचा (माग), परतीचा चहा. गिरणी गेली, पुढे वय झालं, आणि घरच्यांनी प्रेमानं उरलेलं कामही काढून घेतलं: "आता तुम्ही नुसता आराम करा." रिकाम्या दिवसात मन स्वतःलाच कुरतडत बसतं.

डिप्रेशनमधला माणूस म्हणतो, "मन झालं की करीन." इथे उलटं चालतं. आधी हात हलतो, मन मागून येतं, तेही रेंगाळत. म्हणून मन होण्याची वाट न पाहता ठरलेल्या वेळी ठरलेलं छोटं काम.

कसं ठरवायचं? पायरी १ मधली 'काय बंद झालं' ही यादी काढा. त्यातलं सर्वांत सोपं एक निवडा आणि त्याचे तुकडे करा. सिद्धेश्वराला जाणं हे आजचं काम नव्हे. आज चप्पल घालून गल्लीच्या तोंडापर्यंत. चार दिवसांनी कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्यापर्यंत. तलावाच्या काठावर बसणं तिसऱ्या आठवड्यात.

तीन तऱ्हांची कामं दिवसात पेरा: अंगाला हालचाल देणारं, कोणाशी तरी दोन शब्द बोलायला लावणारं, आणि घराला खरोखर उपयोगी पडणारं. तिसरं विसरू नका. आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येतं. पाण्याच्या दिवसाची आठवण ठेवणं, कॉक सोडणं, पिंप भरलं का बघणं ही जबाबदारी आजोबांना द्या. चुकलं तर चुकलं, एखादं पिंप कमी भरेल. आजीनं शेंगा निवडल्या आणि चटणी तिच्या अंदाजानं झाली, तर ती तिची चटणी झाली. नुसतं मन रमवायला दिलेलं खोटं काम माणसं लगेच ओळखतात.

मोजायचं कसं? 'दहापैकी किती' हे त्यांना परकं वाटतं. आण्यांत विचारा, जुन्या रुपयाचे सोळा आणे. "आज मन रुपयात किती आणे?" पूर्व भागातल्या एका घरात पाहिलं, आजोबा पहिल्या दिवशी म्हणाले, "दोन आणे. तेबी खोटे." फिरून आल्यावर पुन्हा विचारलं तर चार. वहीत दोन्ही आकडे लिहा, कामाच्या आधीचा आणि नंतरचा. आठवड्यानं ते पान त्यांनाच दाखवा. 'कशानंच फरक पडत नाही' या वाक्याला त्यांच्याच तोंडचा आकडा उत्तर देतो, तुम्हाला वाद घालावा लागत नाही.

तपासा: सलग दोन आठवडे रोज निदान एक काम होतंय का? नसेल तर काम आणखी लहान करा. पुढच्या पायरीला घाई नाही.

## पायरी ६: आता विचार

वहीतली जशीच्या तशी लिहिलेली वाक्यं आता काढा. दहा-पंधरा जमली असतील. वाचून पाहा, तीच दोन-तीन वळणं पुन्हा पुन्हा दिसतील. म्हातारपणी भेटणारी नेहमीची वळणं अशी:

सगळं किंवा काहीच नाही. "पूर्वीसारखी वारी होत नाही, मग गाडीनं जाऊन काय उपयोग?"

दुसऱ्याच्या मनातलं वाचणं. "सून गप्प होती, म्हणजे माझा कंटाळा आलाय तिला."

पुढचं आधीच ठरवणं. "ऑपरेशन केलं तरी दिसणार नाहीच."

चांगलं खोडून काढणं. "नात आली होती, पण तिला सुट्टी होती म्हणून."

जुन्या चुकीचा खटला. "तेव्हा पोराला शिकवायला पाहिजे होतं, माझ्यामुळं वाया गेला." हा खटला पहाटे तीनला उभा राहतो. आरोपी हजर असतो, वकील नसतो.

वयावर ढकलणं. "आता काय राहिलंय." हा सर्वांत चिवट, कारण ऐकणाराही मान डोलावतो.

कमाईवरून किंमत. "बसून खातो." पुस्तकांतल्या याद्यांत हे नसेल, पण आपल्या घरांत विचारा.

एका वेळी एकच वाक्य घ्या, आठवड्याला एक पुरे. पानावर चार रकाने आखा: काय घडलं, मनात कोणतं वाक्य आलं, ते किती आणे खरं वाटतं, त्यानंतर काय केलं. मग प्रश्न. उत्तरं तुम्ही द्यायची नाहीत. शिक्षकासारखं नको, पारावर दोघं बसल्यासारखं.

एक नमुना. सासूबाई सत्तरीच्या, चाळीस वर्षं विड्या वळल्या, आता बोटं वाकडी झालीत. दुपारचं जेवण अर्ध्यावर सोडतात. वहीत वाक्य आहे: 'मी बसून खाते.'

सून: आत्या, हे वाक्य किती आणे खरं वाटतं?

सासू: चौदा आणे. खरंच हाय की ते.

सून: दिवसाला हजार विड्या व्हायच्या तेव्हा असं वाटायचं?

सासू: तेव्हा कशाला वाटेल? मजुरी यायची.

सून: तुमच्या आई शेवटची तीन वर्षं अंथरुणात होत्या ना? त्या बसून खात होत्या का?

सासू: (बराच वेळ गप्प) ती आई होती माझी.

सून: हं.

इथे थांबायचं. 'मग तुम्ही पण आमच्या आईच की!' असं म्हणायचा मोह होईल. आवरा. ते वाक्य तुमच्या तोंडून आलं की सांत्वन होतं, त्यांना स्वतःहून सापडलं तरच कामाला येतं. पाच मिनिटांनी, नाहीतर दुसऱ्या दिवशी विचारा, "आत्या, कालच्या वाक्याऐवजी दुसरं काय लिहू?" त्या म्हणाल्या, "हजार विड्या आता होत नाहीत. शेंगा निवडून होतात." हेच लिहायचं, सुधारून गोड करायचं नाही. 'मी घराची लक्ष्मी आहे' असलं काही लिहिलंत तर त्यांचा विश्वास बसणार नाही. जुनं वाक्य आता किती आणे? नऊ. चौदाचे नऊ झाले म्हणजे पुष्कळ झालं. शून्य कधी होत नाही, व्हायला हवं असंही नाही.

उपयोगी पडणारे आणखी प्रश्न: हे वाक्य तुमच्या मित्रानं स्वतःबद्दल म्हटलं तर त्याला काय सांगाल? याच्या उलट कधी घडलंय का, एकदा तरी? तेव्हा तुम्हाला जे माहीत होतं, हातात जेवढा पैसा होता, त्यात दुसरं काय करता आलं असतं? शेवटचा प्रश्न जुन्या खटल्यासाठी.

सावध: प्रत्येक दुःखी विचार चुकीचा नसतो. गिरणी कामगाराची हजार-बाराशे रुपयांची पेन्शन कमीच आहे. बायको गेली ती परत येणार नाही. मुलगा खरंच फोन करत नसेल. अशा वाक्याची उलटतपासणी केली तर तो अपमान होतो. तिथे दोनच वाटा: काही करता येण्यासारखं असेल तर ते करा, नसेल तर शेजारी बसून ऐका. आणि वाक्याच्या मागे घरातला छळ असेल, पैसे काढून घेणं, सह्या करून घेणं, हात उगारणं, तर विचार बदलायचा प्रश्नच येत नाही. ज्येष्ठ नागरिकांसाठीचा १४५६७ हा क्रमांक लावा.

आणखी एक. 'मी पापी आहे म्हणून हा रोग झाला', 'माझी आतडी सडली', 'जेवणात विष घालतात' अशी वाक्यं पक्की, आण्यांत न मोजता येणारी असतील, तर ती गप्पांनी सुटणार नाहीत. तो तीव्र आजार असतो. वही बंद, डॉक्टर लगेच.

## पायरी ७: तुमचं वाक्यही वहीत लिहा

ही पायरी छोटी आहे आणि कोणाला आवडत नाही. 'हे मुद्दाम करतात.' 'लक्ष वेधून घ्यायला.' 'मीच चांगली सून नाही.' सांभाळणाऱ्याच्या डोक्यातही वळणं तीच असतात. आठवड्यातून एक संध्याकाळ दुसऱ्या कोणावर काम सोपवून बाहेर पडा.

## पायरी ८: सहा आठवड्यांनी पहिलं पान उघडा

पहिल्या पानावरच्या पाच ओळी आणि आजच्या पाच ओळी शेजारी ठेवा. सुधारणा बहुधा या क्रमाने येते: आधी झोप, मग भूक, मग हालचाल, आणि 'मला बरं वाटतंय' हे सगळ्यात शेवटी. घरच्यांना फरक आधी दिसतो, त्यांना स्वतःला नंतर. म्हणून त्यांच्या 'काही फरक नाही' वर उपचार सोडू नका. सहा ते आठ आठवड्यांत एकही ओळ हलली नसेल तर वही घेऊन परत डॉक्टरांकडे. डोस बदलणं, गोळी बदलणं, समुपदेशनाची जोड देणं, बरंच काही बाकी असतं. खाणं-पिणंच थांबलेल्या माणसाला तर रुग्णालयात ठेवून उपचार लागतात, न्यायला उशीर करू नका.

पुन्हा येण्याची शक्यता धरूनच चाला. वहीच्या शेवटच्या पानावर त्यांच्याच अक्षरात तीन ओळी लिहून घ्या: माझं पहिलं काय बिघडतं (कोणाची दाढी, कोणाची भाकरी, कोणाची पहाटेची झोप), तसं झालं तर कोणाला सांगायचं, आणि कोणतं छोटं काम सोडायचं नाही. वर्षातले जड दिवसही तिथेच टिपा. जोडीदाराचं वर्षश्राद्ध, दिवाळीनंतर पोरं पुण्याला परतल्यावरचा आठवडा, जानेवारीत गड्ड्याची यात्रा उठल्यावरचं रिकामं मैदान. त्या आठवड्यांत डॉक्टरांची तारीख आधीच घेऊन ठेवा.